आणखी चार ठिकाणी विचारा

मला खोली मिळाली ती दोन विरुद्ध शून्य मतांनी. त्याआधी पाऊण तास माझी सुनावणी झाली होती.

घर ओहायोत, कोलंबसहून डब्लिनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काका आणि काकू पुढच्या भागात राहत आणि मागची एक खोली युनिव्हर्सिटीतल्या मराठी विद्यार्थ्यांना भाड्याने देत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. करत होते आणि माझ्या दोन्ही रूममेट्सची एकाच उन्हाळ्यात लग्नं झाल्यामुळे मला राहायला जागा नव्हती. डिपार्टमेंटमधल्या एकाने काकांचा नंबर दिला. "रूम मस्त आहे यार," तो म्हणाला, "पण ते आधी इंटरव्ह्यू घेतात. सिरियसली घेतात. हसू नकोस."

जेवणाच्या टेबलाच्या अलीकडे एकच खुर्ची होती. तिच्यापुढे पाण्याचा ग्लास, पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहिलेलं माझं नाव आणि कॅसेट रेकॉर्डरचा मायक्रोफोन. पलीकडे काका, उंच, सडपातळ, घरातसुद्धा टाय लावून. त्यांच्या शेजारी काकू फरसबी मोडत बसल्या होत्या.

"उजवा हात वर," काका म्हणाले.

मी हात वर केला. समोरचा माणूस टाय लावून बसला असला की हात आपोआप वर जातो. खरं सांगेन असं मी मराठीत वदले, आणि मग काकांनी प्रास्ताविक सुरू केलं. ते अकरा मिनिटं चाललं. त्यात या घराचा इतिहास होता, पूर्वीच्या भाडेकरूंची थोरवी होती, आणि बरंचसं काकांविषयी होतं. मग प्रश्न.

"आधीच्या रूममेट्सशी भांडण?"

"नाही."

"कधीच नाही? शपथेवर आहेस."

"एकदा. दुधावरून."

"सविस्तर."

"अहो, खाते काय ते विचारा ना तिला," काकू म्हणाल्या.

"मायनॉरिटीला, म्हणजे विरोधी पक्षाला, तिची पाच मिनिटं मिळतील."

काकूंनी पाच मिनिटांतली दहा सेकंदं वापरली. "मेथी खातेस ना गं?" मी खाते म्हटलं. "माझं हो," काकू म्हणाल्या आणि शेंगा घेऊन आत गेल्या.

पुढे ओळख वाढल्यावर मी काकांना विचारलं, आजपर्यंत किती जणांना नाकारलंत? एकालाही नाही. मग एवढा खटाटोप कशाला? काका म्हणाले, "अगं, ठराव आधीच झालेला असतो. सुनावणी ही त्याची वरात."

काका एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनियर होते. सांगलीकडचे, साठच्या दशकाच्या अखेरीला एक सूटकेस घेऊन आले आणि पहिल्या नोकरीतच म्हातारे झाले. दर रविवारी ते कुकरची रबरी रिंग काढून उजेडात धरत आणि शिट्टीत फुंकर मारून बघत. महिन्यातून एकदा धुराचा अलार्म वाजवत, आणि आम्ही तिघं कोट घालून अंगणातल्या ठरलेल्या झाडाखाली जमत असू. बर्फ असला तरी. काका हजेरी घेत. हजेरीला दोनच नावं असत.

सगळ्यात विचित्र प्रकार दोरीचा. घराच्या खाली सरपटत जाण्याएवढी पोकळी होती. पाण्याचे पाइप तिथून गेलेले. पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून थंडीच्या आधी बाहेरच्या नळाची चावी बंद करायला आणि थंडी संपल्यावर उघडायला कोणीतरी आत जावं लागे. जो जाईल त्याच्या कमरेला काका दोरी बांधत. दुसरं टोक हातात धरून ते वर, लाकडी झाकणापाशी उभे राहत आणि घड्याळ बघून दर दोन मिनिटांनी हाक मारत, "आहे का?" आतल्याने "आहे" म्हणायचं. नुसतं हूं केलेलं चालत नसे.

पहिल्यांदा मी आत गेले तेव्हा हसू आवरेना. चावी दहा फुटांवर होती. तिसऱ्या हाकेला मी मुद्दाम गप्प राहिले. पुढच्याच क्षणी कमरेला असा हिसका बसला की कोपर सोलवटलं. बाहेर आले तर काकांचा चेहरा पांढरा पडला होता. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "हे परत करायचं नाही," आणि आत जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. एवढ्याशा चेष्टेचं इतकं काय, असं मला वाटलं होतं.

काकांना महाराष्ट्रातून पत्रं येत. अमेरिकेतल्या मुलाचं स्थळ सांगून आलं की मुलीचे वडील कोणाकोणाच्या ओळखीने काकांचा पत्ता मिळवत आणि लिहीत, मुलगा कसा आहे, कृपया कळवावे. काका प्रत्येकाला उत्तर देत. अक्षर वाईट म्हणून ते मला सांगत आणि मी लिहीत असे, त्यामुळे त्यांच्या भाषेतल्या पायऱ्या मला पाठ झाल्या. 'मुलगा उत्तम' म्हणजे उत्तम. 'मुलगा चांगला आहे असे ऐकतो' म्हणजे जपून. आणि 'घराणे चांगले आहे, मुलाशी आमचा फारसा संबंध नाही, तरी आणखी चार ठिकाणी विचारावे' म्हणजे मुलीला विहिरीत ढकला पण इथे देऊ नका.

हे तिकडच्या कोणालाही समजावून सांगावं लागत नसे. नागपूरच्या एका गृहस्थांनी तेवढ्या एका वाक्यावर साखरपुडा मोडला आणि येणाऱ्याबरोबर काकांना संत्र्याची बर्फी पाठवली. मुलगा इथे दारू पिऊन गाडी चालवताना दोनदा सापडला होता. मी काकांना विचारलं, "सरळ तसंच का नाही लिहिलं?"

"कोणाचं वाईट आपल्या तोंडाने बोलू नये," काका म्हणाले. "विचारणारा शहाणा असतो. त्याला तेवढं पुरतं."

त्या हिवाळ्यात नवा राष्ट्राध्यक्ष आला, आणि काकांनी सेनेटच्या सुनावण्या बघायला नोकरीतून आठवडाभर रजा घेतली. घरात केबल होती ती याच कामासाठी. राष्ट्राध्यक्ष आपले मंत्री निवडतो, पण सेनेटने मान्यता दिल्याशिवाय त्यांना खुर्चीत बसता येत नाही. आधी समितीपुढे सुनावणी, मग समितीचं मत, मग सगळ्या सेनेटचं. पुस्तकात वाचलं असतं तर मी हे विसरले असते. काकांनी ते टीव्हीसमोर शेंगदाणे खात शिकवलं.

"ही बघ, मागच्या खुर्चीत बायको. निळा सूट. पोरांचे केस चापूनचोपून बसवलेत. दाखवायला आणलंय. आणि आता हा उठला ना, हा उमेदवाराच्या राज्याचा सेनेटर. हा मामा."

"मामा?"

"मुलीचं कौतुक आईबापांनी केलेलं बरं दिसत नाही. मामा करतो. ऐक, आता म्हणेल की याला मी वीस वर्षं ओळखतो."

मामा म्हणाला, याला मी वीस वर्षं ओळखतो.

"आणि तो कोपऱ्यातला चष्मेवाला, सारखे कागद चाळतोय तो?" काकूंनी विचारलं.

"ती मुलाची आत्या. लग्न होणार हे तिला माहीत आहे. पण खोट काढली नाही तर आत्या कसली?"

मला साताऱ्यात दोनदा दाखवलं होतं. एकदा त्यांनी ठराव फेटाळला, एकदा मी. त्यामुळे पडद्यावरच्या त्या पन्नाशीच्या गृहस्थांची मान तशीच किंचित खाली आणि हात तसेच टेबलावर एकात एक गुंतवलेले पाहून मला त्यांची दया आली. पोहे नव्हते एवढंच.

काकांकडे एक वही होती. उमेदवार 'मला आठवत नाही' म्हणाला की त्याच्या नावापुढे एक रेघ. एका सकाळी एकाच नावापुढे एकोणीस रेघा पडल्या. मी हसले. काका म्हणाले, "प्लांटमध्ये अपघात झाला की असंच होतं. सगळ्यांची स्मरणशक्ती जाते." मग त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि बराच वेळ नुसत्या तोंडं हलवणाऱ्या सेनेटरांकडे बघत राहिले.

मोठ्या मंत्र्यांचं उरकल्यावर धाकट्यांची पाळी येते. मंत्र्याच्या खालची पुष्कळ पदंही राष्ट्राध्यक्षच भरतो आणि त्यांनाही सेनेटपुढे बसावं लागतं. फक्त बघायला कोणी जात नाही. अशा एका पदासाठी काकांच्या जुन्या साहेबांचं नाव आलं. साहेब काकांच्या प्लांटचे मॅनेजर होते, पुढे कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट झाले. खातं कुठलं ते लिहीत नाही. साहेबांना वकील परवडतात. इतकंच सांगते की त्या पदावरच्या माणसाच्या सहीने कारखान्यांचे नियम सैल किंवा घट्ट होऊ शकत.

अशा नियुक्तीआधी सरकारचा माणूस उमेदवाराच्या शेजाऱ्यांकडे, सहकाऱ्यांकडे जाऊन चौकशी करतो. तो एका शनिवारी सकाळी काकांकडे आला. तिशीचा, नीट भांग पाडलेला, नम्र. काकांनी टाय लावला होता. मी चहा केला. त्याने वही उघडली आणि छापील यादीतले प्रश्न वाचल्यासारखे विचारले: दारू? नाही. देशनिष्ठा? पूर्ण. स्वभाव?

काका इंग्रजीत बोलत होते, पण मला शब्दन् शब्द मराठीत ऐकू येत होता. "फार चांगल्या घराण्यातले आहेत," ते म्हणाले.

त्याने लिहिलं.

"माझा त्यांच्याशी तसा फारसा संबंध नव्हता."

त्याने तेही लिहिलं.

"राष्ट्राध्यक्षांना खाली मान घालावी लागेल असं त्यांच्याविषयी काही तुमच्या माहितीत आहे?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही," ते अगदी सावकाश म्हणाले, "आणखी चार ठिकाणी विचारावं."

माझ्या हातातली बशी वाजली. तो माणूस प्रसन्न हसला. "हो, यादीत बरेच जण आहेत," तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांकडे जातो." त्याने वही मिटली, चहाचं कौतुक केलं. दारात जोडे घालताना तो सहज माझ्याकडे वळून म्हणाला, "मी विचारायचं काही राहिलं का?" त्याच्याएवढ्याच नम्रपणे मी म्हटलं, "नाही." त्याने माझे आभार मानले.

गाडी गेल्यावर काका खुर्चीत मागे टेकले. दमले होते, पण कपाळ मोकळं दिसत होतं.

"सांगितलं मी," ते म्हणाले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "काय सांगितलंत?"

"तू ऐकलं नाहीस? चार ठिकाणी विचारा म्हटलं."

"अहो, तो नागपूरचा नाही. त्याला काय कळतंय?"

"सरकारचा चौकशीवाला आहे तो. त्याचा धंदाच हा. परत येईल बघ."

दुपारी कणीक मळताना काकूंनी मला रॉयचं सांगितलं. काकांच्या प्लांटमधला वेल्डर. बागेतले टोमॅटो पिशवीभर आणून द्यायचा आणि काकांना त्यांच्या नावाने हाक मारायचा, निम्मंच उच्चारून. एका सोमवारी तो एका मोठ्या टाकीत दुरुस्तीला उतरला. टाकीत माणूस उतरला की तोंडाशी दुसरा माणूस उभा राहायलाच हवा, हाक मारायला आणि ओढून काढायला. त्याच अटीवर काकांनी सकाळी परवानगीच्या कागदावर सही केली होती. तासाभराने एका ट्रकचं भरणं अडलं म्हणून साहेबांनी तोंडाशी उभा असलेला माणूस तिकडे बोलावून घेतला. टाकीतली हवा संपली होती. रॉयला कोणी हाक मारली नाही.

"आणि रिपोर्टमध्ये आलं की रॉय कोणाला न सांगता आपल्या मनाने उतरला," काकू म्हणाल्या. "खाली सही ह्यांची. तेव्हा आमच्या ग्रीन कार्डाचे कागद साहेबांच्या टेबलावर होते. साहेब काही बोलले नाहीत गं. रागावलेसुद्धा नाहीत. नुसता रिपोर्ट पुढे सरकवला आणि म्हणाले, हॅव अ लुक."

कणकेचा गोळा त्यांनी पुन्हा पुन्हा मळला. त्या दिवशी पोळ्या फार मऊ झाल्या होत्या.

तो माणूस परत येणार म्हणून काकांनी कपाटातून जुनी फाइल काढून ठेवली. तिच्यात सकाळच्या परवानगीची कार्बन कॉपी होती, अटीसकट. ट्रककडे पाठवल्याची वेळ काकांनी त्याच दिवशी पेन्सिलीने कडेला लिहून ठेवली होती. फाइल फोनशेजारी राहिली. महिना गेला. फोन वाजला की काका पहिल्या घंटेला उचलत. बहुतेक वेळा पलीकडे मासिकांची वर्गणी मागणारे असत.

"काका, समितीला पत्र लिहा," मी म्हटलं. "मी टाइप करते. कोणीही लिहू शकतं."

"लिहून काय? आगंतुकपणे?"

"खरं आहे ते."

"विचारलं तर सांगेन. न विचारता सांगणं ही चहाडी."

"त्यांनी विचारलं होतं. तुमच्यासमोर बसून विचारलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मीही सांगितलं होतं," ते म्हणाले.

त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही पैज लावणार नाही. खरं सांगितलं तर खोट्या रिपोर्टखाली आपलीच सही निघते, हे त्यांना नक्की माहीत होतं. आणि काही न सांगता सांगितल्याचं समाधान देणारी भाषा आम्हाला लहानपणापासून येते.

मे महिन्यात सुनावणीची तारीख लागली. ती टीव्हीवर दाखवणार नव्हते. काकांनी एका संध्याकाळी जाहीर केलं, "आपण जाऊ. पब्लिकला खुली असते ती." गाडी मी चालवली. आठ तास. मागे काकू तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन, आणि शेजारी काका, फाइल मांडीवर घेऊन. वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर लागले तेव्हा ते एकदाच बोलले. "समोर दिसलो की कोणीतरी विचारेलच. हा कोण म्हणून."

वॉशिंग्टनच्या त्या खोलीचं छत आमच्या गावच्या देवळापेक्षा उंच होतं. अर्धगोलात वीस खुर्च्या होत्या, त्यांत तीन सेनेटर. एक पेन्सिलला टोक काढत होता. पहिल्या रांगेत साहेबांचं कुटुंब, निळा सूट, चापलेले केस. आम्ही तिसऱ्या रांगेत. साहेबांनी हात वर करून शपथ घेतली. मामा उठला. मामा वीस नव्हे, तीस वर्षं ओळखत होता. तो भाषण संपवून लगेच निघून गेला, दुसऱ्या एका लग्नाला.

प्रश्न तीन की चार. शेवटचा एका म्हाताऱ्या सेनेटरने विचारला, तोच काकांच्या हिशेबाने आत्या होता. इतक्या वर्षांच्या अनुभवात, त्याने विचारलं, कामगारांविषयी तुम्हाला सर्वांत जास्त कशाने शिकवलं?

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "सेनेटर, आमचा एक माणूस गेला. वेल्डर होता. नियम सगळे होते. पण तो कोणाला न सांगता टाकीत उतरला. मी त्याच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. त्याच्या बायकोचा चेहरा मी रोज बरोबर घेऊन फिरतो."

पेन्सिल थांबली. म्हातारा सेनेटर म्हणाला, "थँक यू फॉर शेअरिंग दॅट," आणि स्टेनोग्राफरने ते सगळं टिपून घेतलं. मी काकांकडे पाहिलं. फाइलवर त्यांचे दोन्ही हात होते, आणि ते उघडायला नव्हे तर झाकायला ठेवल्यासारखे होते.

बावीस मिनिटांत सगळं संपलं. साहेब हात मिळवत मागे येत होते, आणि त्यांनी काकांना पाहिलं. चेहऱ्यावर खरा आनंद. "तुम्ही! इतक्या लांब!" त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बायकोला बोलावलं. "हनी, या माणसाने आम्हा सगळ्यांना सुरक्षित ठेवलं."

"थँक यू," काका म्हणाले. "काँग्रॅच्युलेशन्स."

बाईंनी काकूंकडे हात पुढे केला. काकूंचे दोन्ही हात पर्सवर होते. ते तिथेच राहिले. बाई हसल्या, परक्या लोकांच्या चालीरीतींचा त्या आदर करत असाव्यात.

जवळ उभ्या असलेल्या कोणीतरी माझ्याकडे पाहून विचारलं, "फॅमिली?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच माहीत नाही.

परतताना डबा कोणी उघडला नाही.

दोनेक आठवड्यांनी एका दुपारी टीव्हीवर सेनेटचं कामकाज चालू होतं. सभागृह जवळजवळ रिकामं. एक जण उभा राहून यादीतली नावं भराभर वाचत होता, आमच्या शाळेत गैरहजर मुलांची वाचत तशी. साहेबांचं नाव सातवं होतं. अध्यक्षांनी वर न बघता म्हटलं, "विदाउट ऑब्जेक्शन." झालं, मंजूर. पुढचा विषय एका टपाल कचेरीला कोणाचं तरी नाव देण्याचा होता.

काकांनी टीव्ही बंद केला. टाय लावून आले. जेवणाच्या टेबलापाशी जाऊन पाण्याचा ग्लास भरला, रेकॉर्डर ठेवला, आणि अलीकडच्या एकट्या खुर्चीत स्वतः बसले.

"तू पलीकडे बस," ते मला म्हणाले. "तूसुद्धा," काकूंना. "सुनावणी."

"कोणाची?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

त्यांनी उजवा हात वर केला. "विचार. विचारलं तर सांगेन."

माझ्याकडे प्रश्न होता. एकच होता आणि घरातल्या तिघांनाही तो ठाऊक होता. मी सव्वीस वर्षांची होते, त्यांच्या घरी जेवत होते, आणि ते मला वडिलांच्या जागी होते. मी मायक्रोफोन त्यांच्याकडे सरकवला आणि विचारलं, "आपला या क्षेत्रातला अनुभव किती वर्षांचा?"

"एकवीस," काका म्हणाले. थांबले. वाट बघत होते.

"आपल्याला... आपल्याला या निमित्ताने काही सांगायचं आहे का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. ती मला ओळखीची होती; मी दारात 'नाही' म्हटल्यावर त्या चौकशीवाल्याने माझे आभार मानले तेव्हा माझीही तशीच झाली असेल.

"नाही," काका म्हणाले. "मत घ्या."

"माझं हो," मी घाईने म्हटलं.

काकूंनी आजवर कोणालाही नाही म्हटलं नव्हतं. मेथी न खाणाऱ्या एकालासुद्धा त्यांनी पास केलं होतं. त्या टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत होत्या.

"माझं विरोधात," काकू म्हणाल्या.

काकांनी वर केलेला हात खाली घेतला. कोणीतरी शेवटी नीट ऐकून घ्यावं, तसे त्यांचे खांदे उतरले.

"एक विरुद्ध एक," ते म्हणाले. "बरोबरी झाली की ठराव पडतो." त्यांनी स्वतःच रेकॉर्डरचं बटण दाबून बंद केलं. काकू उठल्या, त्यांच्या मागून जाताना त्यांच्या खांद्यावर बोटं टेकवली आणि कुकर लावायला आत गेल्या.

पुढच्या वर्षी मी डिग्री घेऊन पार्सिपनीला नोकरीवर गेले. माझ्यानंतर खोली एका मुलीला मिळाली. तिला काकांनी काहीही विचारलं नाही. तिने मला फोनवर सांगितलं, "तुम्ही उगाच घाबरवलंत. किल्ली दिली आणि झालं." स्थळांच्या पत्रांनाही त्यांनी उत्तरं देणं बंद केलं होतं.

पण घरातल्या त्या सुनावणीचा दिवस अजून संपलेला नाही. अंधार पडायच्या आधी काका म्हणाले, बाहेरच्या नळाची चावी उघडायची राहिलीये, उन्हाळा आला. मी जाते म्हटलं. "नको, मी," ते म्हणाले. टाय काढून खुर्चीवर ठेवला, दोरी स्वतःच कमरेला बांधली, टोक माझ्या हातात दिलं आणि गुडघ्यांवर त्या पोकळीत शिरले.

मी घड्याळ बघून हाक मारली. "आहे का?"

"आहे."

दोन मिनिटांनी, "आहे का?"

"आहे." चावी फिरल्याचा आवाज आला, मग पाइपातून पाणी गेल्याचा. काम झालं होतं. मी दोरी गोळा करायला लागले, पण ती पुढे येईना.

"आहे का?" मी विचारलं. उत्तर नाही. "काका? आहे का?"

दोरी हाताला जड लागत होती. दुसऱ्या टोकाला माणूस आहे एवढं कळत होतं. ओढू का, म्हणून मी ओरडले.

"आहे," आतून आवाज आला. आणि मग, "ओढू नकोस. राहू दे थोडा वेळ."

मी दोरी सैल सोडली नाही. दर दोन मिनिटांनी हाक मारत राहिले.